एका जर्मन समासाची व्युत्पत्ती आणि आपली परिभाषा

‘फारराट’ हे सायकलचे जर्मन नाव. ‘फारेन’ म्हणजे वाहनाने जाणे आणि ‘राट’ म्हणजे चाक. हा ‘राट’ लॅटिन ‘रोटा’ व संस्कृत ‘रथ’ यांचा सगोत्र आहे. मराठी ‘रहाट’ मात्र ‘अरघट्ट’पासून आलेला, त्याचे साम्य केवळ ध्वनीचे. असे गोत्र जुळले की व्युत्पत्ती पूर्ण झाली, असे समाधान आपल्याकडील अभ्यासकाला लाभते. माझ्या मते महत्त्वाचा प्रश्न तेथून पुढे सुरू होतो.

कारण घटक प्राचीन असले तरी समास अर्वाचीन आहे. जर्मनीत आधी ‘वेलोत्सिपेड’ हा फ्रेंचमधून आलेला शब्द रूढ होता. १८८५ च्या सुमारास सायकलस्वारांच्या संघटनांनी त्याऐवजी ‘फारराट’चा पुरस्कार केला. ‘अखिल जर्मन भाषासंघ’ही १८८५ मध्येच स्थापन झाला, भाषाशुद्धीचा तो काळ होता. परंतु शुद्धीच्या आग्रहाने शब्द रुजतोच असे नाही. ‘आउटोमोबील’चा पर्याय ‘क्राफ्टवागेन’, म्हणजे शक्तीची गाडी, मुख्यतः कायद्यात व कचेऱ्यांत राहिला. लोकांच्या तोंडी ‘आउटो’च टिकला. स्वित्झर्लंडमधील जर्मनभाषक तर आजही सायकलला ‘वेलो’ म्हणतात. त्यामुळे त्यांची जर्मन उणी ठरत नाही.

आपल्या परिभाषाकारांनी या इतिहासाकडे पाहावे. आगगाडीचे जर्मन नाव ‘आयझेनबान’. त्याचा शब्दार्थ ‘लोखंडी वाट’. तोच अर्थ सांगणारी हिंदीतील ‘लोहपथगामिनी’ मात्र विनोदाचा विषय झाली. असे का व्हावे? ‘आयझेन’ आणि ‘बान’ हे जर्मन मुलाच्या नित्याच्या बोलण्यातले शब्द आहेत. ‘लोहपथ’ आपल्या मुलांच्या बोलण्यात नाही. उलट ‘आगगाडी’ या मराठी शब्दाचे दोन्ही घटक कोणालाही उलगडतात. संस्कृतविषयी येथे तक्रार नाही; ‘विमान’ संस्कृतच आहे आणि ते सर्वमुखी झाले.

शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आपण पर्याय घडवीत आलो आहोत. ते घडवावेतच. परंतु शब्दाचे कूळ ही त्याच्या आयुष्याची हमी नव्हे. ‘फारराट’ स्वीकारणारे स्वतः सायकल चालवीत होते. आपल्या परिभाषा समित्यांत भाषापंडितांच्या शेजारी त्या त्या व्यवसायातील माणूस बसेल, तेव्हाच कोशातले शब्द कोशाबाहेर पडतील.