घडाईची किंमत

जुन्या गोव्यातल्या बॉम जिझस बासिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची शवपेटी आहे. गोव्याच्या सोनारांनी ती १६३६-३७ मध्ये घडवली. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालवर स्पेनच्याच राजाचा अंमल होता, आणि त्याच राजाच्या ताब्यातल्या दक्षिण अमेरिकेतल्या पोतोसीच्या खाणीतली चांदी नाणी होऊन गोव्याच्या बाजारापर्यंत पोचत होती. पेटीवरच्या चित्रपट्ट्यांत संताचे चरित्र आहे. विषय युरोपचा, हात मात्र कोकणपट्टीचा. असे उठावाचे काम करताना पत्रा राळेवर बसवून मागून ठोकतात, मग पुढून रेषा कोरतात. ठोकून कडक झालेली चांदी पुन्हा पुन्हा तापवून मऊ करावी लागते. हीच विद्या देवांच्या मुखवट्यांत दिसते. सिंधुदुर्ग किल्ल्यावर शिवराजेश्वराच्या, म्हणजे शिवाजी महाराजांच्या, मूर्तीलाही चांदीचा मुखवटा चढवतात. आपल्या मालवणातल्या जुन्या घरांतही चतुर्थीला चांदीचे ताम्हन, पंचपात्र, गुलाबदाणी बाहेर निघते. पण गरज पडली की हेच जिन्नस मोडीत जातात. तिथे वजन होते, घडाई शून्य धरली जाते. मोडलेली चांदी पुन्हा घडवता येईल, पण त्या हाताची ठोक परत येणार नाही. म्हणून वितळवण्याआधी एखाद्या जाणत्या सोनाराला वस्तू दाखवा, तुटली-सुटली असेल तर डाग देऊन सांधून घ्या, फोटो काढा, ती कोणी व कुठून आणली हे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून लिहून घ्या. संग्रहालयाच्या काचेमागे गेल्यावरच कारागिरीला मान द्यायचा, ही सवय आपण सोडली पाहिजे.