पाचशे शॉर्ट आणि वांग्याची भाजी

माणसाने आनंदी राहावे याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती दुसऱ्याला 'आनंदी राहा' म्हणून बजावणाऱ्या जमातीबद्दल. ही जमात हल्ली फार माजली आहे.

२०२५ च्या जानेवारीत, दुसऱ्या शनिवारी, म्हणजे बँकेच्या हक्काच्या सुट्टीच्या दिवशी, आम्हा कारकुनांना आनंदाचे प्रशिक्षण देण्यात आले. सुट्टी काढून घेऊन आनंद शिकवायचा, ही युक्ती ज्याला सुचली तो नक्कीच साहेब असणार! प्रशिक्षक कोटात होते. म्हणाले, "अडचण म्हणू नका, संधी म्हणा." आता झालं होतं असं, की आदल्याच दिवशी माझ्या कॅशमध्ये पाचशे रुपये शॉर्ट आले होते आणि ते मी खिशातून भरले होते. मी त्यांच्याकडे संधी म्हणून पुष्कळ बघितलं. ते पाचशेच राहिले.

प्रशिक्षकांच्या मागे भिंतीवर हाताची घडी घातलेले स्वामी विवेकानंद होते. या मंडळींना विवेकानंदांची घडी तेवढी दिसते. १८८४ साली वडील गेले, घर कर्जात बुडालं आणि पदवीधर नरेंद्र नोकरीसाठी कलकत्त्यात वणवण फिरला, हे कोणी सांगत नाही. अवघ्या ३९ वर्षांच्या आयुष्यात मधुमेह, दमा सगळं सोसून हा माणूस मित्रांना स्वतः रांधून खाऊ घालायचा आणि स्वतः मिरच्या आवडीने खायचा, हे तर मुळीच नाही. कर्जाला कर्ज म्हणणारा आणि मिरचीला मिरची म्हणणारा संन्यासी यांच्या कामाचा नाही.

त्यानंतर दहा दिवसांनी मी किरकोळ रजा टाकली आणि सौ.ला घेऊन हिवरा आश्रमला गेलो. मेहकर तालुक्यातलं हे गाव विवेकानंद आश्रमामुळेच ओळखलं जातं. तिथे विवेकानंद जयंती तारखेने नव्हे, तिथीने, पौष वद्य सप्तमीला होते. महाप्रसादाला पुरी आणि वांग्याची भाजी. लाखांनी माणसं जमिनीवर रांगा धरून बसतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पुऱ्या-भाजी घेऊन रांगांमधून फिरतात. ज्याने आयुष्यात सत्यनारायणाची पन्नास पानं वाढली असतील, त्याने हे एकदा बघावं. कुठे घाई नाही, 'आमच्याकडे आलंच नाही' नाही. आमच्या शाखेत पासबुक भरायला चौघे असले तरी दोन भांडणं होतात.

निघताना शेजारच्या काउंटरवरचे आमचे स्नेही म्हणाले होते, "सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ आणि बाजारात मिळतात चार हजारांच्या आसपास. डोक्यावर पीककर्ज, आणि लोक जत्रा करतात!" हे दुसऱ्या टोकाचे. स्वतःला वास्तववादी म्हणवतात. यांच्या हिशेबात कर्जदाराने घास गिळतानाही चेहरा पाडूनच गिळायला हवा. आकडे त्यांचे खरे आहेत हो, पण पुरीला ते कुठल्या खात्यात टाकणार?

पंगतीत माझ्या शेजारी आमच्याच शाखेचे एक खातेदार निघाले. मी आपला बँकेतल्या सवयीने विचारलं, "काय काका, यंदा भावाचं कसं?"

"भाव पडला, साहेब."

मी हळहळायच्या तयारीत होतो. तेवढ्यात ट्रॉली आली आणि काकांनी भाजी मागून घेतली. म्हणाले, "भाव पडला म्हून भूक पडते काय? खा, भाजी झकास हाये."

भाजी खरंच झकास होती. तिखट, नाकातून पाणी काढणारी. त्या भाजीने सोयाबीनचा भाव रुपयानेही चढला नाही, आणि चढेल असं त्या रांगेत कोणी मानतही नव्हतं. कोटवाले असते तर त्यांनी काकांना 'पडलेला भाव ही संधी' म्हणून सांगितलं असतं आणि काकांनी त्यांना आधी पुरी खायला लावली असती.

"अहो, नाक पुसा," सौ. म्हणाली.

"साहेब, मार्चमधी आपलं नवं-जुनं करा लागीन," काका म्हणाले.

"या ना, सातबारा घेऊन या," मी तोंडात पुरी असतानाच म्हणालो.

"तं मंग घ्या अजून," म्हणत काकांनी पुढे गेलेल्या ट्रॉलीला हाक मारली.