नाव सेनापतींचे, मुळशीकरांचे काय?

माहीमहून लोअर परळकडे जाणाऱ्या सेनापती बापट मार्गाला जुने मुंबईकर आजही ‘तुळशी पाइप रोड’ म्हणतात. जुन्या नावात शहराला पाणी देणारा तलाव आहे. नव्या नावामागे शहराच्या विजेसाठी बुडालेली गावे आहेत. नामफलक वाचून मात्र ते कळत नाही.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून मुळशी पेट्यात टाटा कंपनीचे धरण आखले गेले. ५० च्या आसपास गावांवर पाणी येणार होते. मावळी शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट व विनायकराव भुस्कुटे पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ ही ओळख याच लढ्याने दिली. परंतु १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाती होता आणि अनेक सावकार-जमीनमालकांनी मोबदला स्वीकारून वेगळी वाट धरली. १९२४ मध्ये बापट तुरुंगात गेले, धरण उभे राहिले.

ज्या गिरण्यांसाठी हे घडले, त्याही गेल्या. याच मार्गावर ‘फिनिक्स’चा मॉल झाला, ‘ज्युपिटर’च्या जागी कार्यालयांचे मनोरे आले. मुळशीचे पाणी अजूनही भिऱ्याच्या वीजकेंद्राकडे वळवले जाते.

अमेरिकेत १८३८-३९ साली सुमारे १६ हजार चेरोकी आदिवासींना लष्कराच्या पहाऱ्यात मिसिसिपीपलीकडे नेण्यात आले. त्यात सुमारे चार हजार दगावले, असे मानले जाते. १९८७ मध्ये तेथील काँग्रेसने त्या वाटेलाच राष्ट्रीय ऐतिहासिक मार्गाचा दर्जा दिला. लष्करी हकालपट्टी आणि मोबदल्याचे भूसंपादन यांना एका मापाने मोजता येत नाही, हे खरेच. तरीही तेथे स्मरण चालत गेलेल्यांचे आहे. आपल्याकडे ते नेत्याच्या नावाशी थांबले.

माहीम स्थानकाच्या पूर्वेला धारावी आहे. पुनर्विकासात १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरील झोपडीधारकांना तेथेच घर मिळायचे आहे, नंतरच्यांना धारावीबाहेर. त्यासाठी केंद्राने २०२४ मध्ये मिठागरांची २५६ एकर जमीन देण्यास मंजुरी दिली. मुळशीची हकीकत भुस्कुटे यांनी स्वतः लिहून ठेवली, म्हणून ती उरली. धारावीच्या कोणत्या गल्लीतून कोण कोठे गेले, याची नोंद पात्रतेच्या यादीत सापडणार नाही. ती घरे रिकामी होण्यापूर्वीच करावी लागेल.