आधी टॉवेल, मग वेळ

आपल्या मुलाने आनंदाने पोहावे असे वाटणे आणि त्याने जिंकावे असे वाटणे, या दोन इच्छा मनात शेजारी शेजारी नांदतात; पण त्या एक नव्हेत. हा भेद माझ्या ध्यानी येण्यास चार वर्षे आणि एक वही लागली.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना जलतरणाच्या स्पर्धांत उतरू लागला. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर मी स्टॉपवॉच घेऊन बसत असे आणि प्रत्येक शर्यतीची वेळ वहीत टिपत असे. पहिली तीन वर्षे आकडे उतरत गेले, आमचा आनंद चढत गेला. बाराव्या वर्षी आकडे थांबले. ज्यांना तो सहज मागे टाकत असे, ती मुले हातभर पुढे जाऊ लागली. मी त्याच्या आहारात, झोपेत, मित्रांत दोष शोधू लागले. अशाच एका शर्यतीत त्याने शेवटी भिंतीला हात लावला, पोहण्याचा चष्मा वर केला आणि वेळेच्या फलकाकडे न पाहता आधी माझ्याकडे पाहिले. आपण कसे पोहलो, हे तो माझ्या चेहऱ्यावर वाचत होता. माझा चेहरा उतरलेला होता. त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि तो पाण्यातच थांबून राहिला. पाण्यात रडणाऱ्याचे अश्रू दिसत नाहीत, हे त्याला ठाऊक झाले होते.

त्याचे काहीच चुकत नव्हते. अकरा ते चौदा या वयात एकाच वर्गातील दोन मुलांच्या शारीरिक वाढीत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. ज्याची उंची आणि खांदे आधी वाढतात, तो बहुधा आधी जिंकतो. शिवाय हातपाय झपाट्याने लांबू लागले की बसलेली लयही काही काळ बिघडते. उशिरा वाढणारी अनेक मुले पुढे बरोबरी साधतात. मात्र तोवर ती तलावात टिकली पाहिजेत. त्या काळात घरच्यांचा चेहराच त्यांना सावरतो किंवा खचवतो.

कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी २०१० मध्ये ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लाय प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९८६ नंतर, म्हणजे २४ वर्षांनी, भारताला या स्पर्धेत जलतरणाचे पदक लाभले. अशी शर्यत अर्ध्या मिनिटात संपते. तिच्यामागची वर्षे मात्र पहाटेच्या गारठ्यात, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंतच्या फेऱ्यांत जातात. पदक एखाद्याच्याच वाट्याला येते. पहाट मात्र प्रत्येक मुलाच्या वाट्याला येते. ती पहाट त्याला नकोशी होऊ न देणे, हे पालकांचे पहिले कर्तव्य.

वाचकहो, तंत्र प्रशिक्षकांवर सोपवावे. काठावरून ओरडून दिलेल्या सूचना पाण्यातल्या मुलाला धड ऐकू येत नाहीत, आणि आल्याच तर गोंधळवतात. आपल्या हाती असतात झोप, अन्न आणि शब्द. किशोरवयीन मुलांना रात्री ८ ते १० तासांची झोप हवी. पहाटे पाचला उठायचे तर साऱ्या घरानेच टीव्ही लवकर बंद करावा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबांनी सायंकाळच्या सरावाविषयी प्रवेश घेतानाच प्रशिक्षकांशी बोलावे, जमल्यास सकाळची तुकडी निवडावी. खांदा दुखतो असे मूल म्हणाले तर ती सबब समजू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि परतीच्या वाटेवर शर्यतीचा विषय मुलानेच काढावा. त्याने काढला नाही, तर भूक लागली का, एवढे विचारणे पुरेसे आहे.

माझा मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. वही कपाटात आहे. तिची उरलेली पाने कोरीच राहिली. गेल्या स्पर्धेत तो पाचवा आला. भिंतीला हात लावून त्याने आधी फलकाकडे पाहिले, स्वतःशीच मान डोलावली, आणि मग माझ्याकडे पाहिले. मी टॉवेल उलगडून उभी होते.