बंधाऱ्याच्या वरचा डोंगर

मार्च जवळ आला की अनेक कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या, विभागांत धावपळ सुरू होते. वर्षाचा निधी 31 तारखेच्या आत खर्ची पडायला हवा. अशा वेळी पाणलोटाचं काम घेऊन गेलेल्या संस्थेला विचारलं जातं, महिनाभरात काय उभं राहील? महिनाभरात पोकलेन लावून नाला खोल करता येतो, तलावातला गाळ काढता येतो, जागा तयार असेल तर सिमेंटचा बंधाराही होतो. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि अहवालात त्याचा फोटो लागतो.

या कामांना माझा विरोध नाही. गाळ काढायलाच हवा; तो पसरला की हलकी जमीनसुद्धा पिकते. पण पाणलोटाचं काम माथ्याकडून पायथ्याकडे यावं लागतं. आधी डोंगरउतारावर सलग समतल चर, गवत, झाडं. मग शेतांची बांधबंदिस्ती. नाल्यावरचा बंधारा सगळ्यात शेवटी. वरचा उतार उघडा ठेवून खाली बंधारा बांधला, तर जोराच्या पावसात वरची माती येऊन त्याच्या पोटात बसते. काही वर्षांत पुन्हा गाळ, पुन्हा पोकलेन, पुन्हा निधी. चरात मुरलेलं पाणी मात्र कुणाला दिसत नाही, म्हणून त्यासाठी पैसा मिळवणं कठीण जातं. हे मला फार अन्यायाचं वाटतं, कारण विहिरीला उन्हाळ्यात टिकणारं पाणी त्या चरांतूनच येतं.

कायदा घाई करायला सांगत नाही. कंपनी कायद्याचं कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून लागू झालं. 500 कोटींची निव्वळ मालमत्ता, 1,000 कोटींची उलाढाल किंवा 5 कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक गोष्ट असली की आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. माती, पाणी, वनस्पती आणि प्राण्यांचं रक्षण परिशिष्ट सातमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. देशभरात या वाटेने आता वर्षाला 25 हजार कोटींहून अधिक रुपये येतात. 2021 मधल्या दुरुस्तीनंतर चालू प्रकल्पाचा उरलेला पैसा वेगळ्या बँक खात्यात ठेवून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येतो. प्रशासकीय खर्चावर पाच टक्क्यांची मर्यादा आहे, पण ती कंपनीच्या स्वतःच्या कारभारावर. गावात राहून प्रकल्प राबवणाऱ्या कार्यकर्त्याचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च. तरीही अंदाजपत्रकात कात्री लागते ती बहुतेकदा याच ओळीला.

आणि खरं काम त्या कार्यकर्त्याचंच असतं. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. त्यात पैसा जर्मनीचा होता, नाबार्डची साथ होती, पण गावाला मोठा निधी लगेच मिळत नसे. आधी श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी. मग थोड्या क्षेत्रावर काम करून दाखवायचं आणि ते जमलं तर पुढचा टप्पा. चराईबंदी म्हणजे शेळ्या राखणाऱ्या, स्वतःची जमीन नसलेल्या घरांवर थेट घाव. त्यांच्याशी बोलून, चाऱ्याची सोय लावून, कापलेल्या गवतात त्यांचा वाटा ठरवून मगच डोंगर बंद करता येतो. अशा बैठका पोकलेनच्या तासांवर मोजता येत नाहीत.

पाणी आल्यानंतरची बाजू तर निधीच्या अर्जात क्वचितच सापडते. भूजल वर आलं की विंधन विहिरी वाढतात, ऊस वाढतो आणि ज्याचं बोअर खोल त्याच्याकडे सगळ्यांचं पाणी जातं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी विंधन विहिरी बंद ठेवल्या, जास्त पाणी पिणारी पिकं टाळली आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून पिकं ठरवण्याची रीत घातली. तिथली कामं मुख्यतः सरकारी योजनांच्या पैशांतून झाली, ती टिकली गावाच्या नियमांमुळे.

म्हणून कंपन्यांकडे माझी मागणी साधी आहे. करार एका मार्चचा नको, तीन-चार वर्षांचा करा. पहिलं वर्ष शिवारफेऱ्या, ग्रामसभा आणि माथ्यावरच्या कामांना द्या. चरांतला गाळ उपसायला, फुटलेला सांडवा दुरुस्त करायला देखभाल निधी आधीच बाजूला काढा आणि त्यात गावाचाही वाटा घ्या. मोजमाप करायचं तर साठलेल्या पाण्याचे फोटो पुरे झाले. एप्रिल-मेमध्ये ठरलेल्या विहिरींची पातळी दरवर्षी मोजा, आणि प्रकल्प संपल्यावरही दोन उन्हाळे मोजत राहा. गावांनाही सांगावंसं वाटतं: कंपनीची माणसं जागा पाहायला आली, तर नाल्यावर जाण्याआधी त्यांना डोंगरावर न्या आणि शेळ्या राखणाऱ्या बायांनाही बरोबर घ्या. उतार कुठे धुपतो, गवत कुठे उगवतं आणि कुठला झरा कधी आटतो, हे त्या नकाशाशिवाय सांगतात.