कॅमेरा आधी की उजेड?

बोनसचे पैसे कशात घालावेत, असा सल्ला विचारायला आमच्या गोखिवऱ्यात सहसा कोणी माझ्याकडे येत नाही, आणि त्यात लोकांचे शहाणपणच आहे. यंदा मात्र शेजारचा एक तरुण आला. इथल्याच एका गाळ्यात तो लेथवर काम करतो. गेल्या हिवाळ्यात मालवणला जाऊन तो स्कूबा शिकला. त्याआधी समुद्र त्याने फक्त वरून पाहिला होता. आता आतून पाहिला, आणि ते घरच्यांना दाखवल्यावाचून त्याला चैन पडेना. "काका, तुम्हाला फोटोतले कळते. मोठा लेन्सवाला कॅमेरा घेऊ की छोटा? पैसे एकदाच खर्च करायचे आहेत."

पैसे एकदाच खर्च करायचे आहेत, हे त्याचे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पाण्याखालच्या छायाचित्रणात चुकीची खरेदी झाली की ती अर्ध्या किमतीत विकताही येत नाही. कारण कॅमेऱ्याची जी जलरोधक पेटी असते, जिला दुकानदार हाउसिंग म्हणतात, ती एका ठरावीक मॉडेलच्याच मापाची केलेली असते. कॅमेरा बदलला की पेटी गेली. मोठ्या कॅमेऱ्यांच्या बाबतीत तर पेटी कॅमेऱ्यापेक्षा महाग पडते. घोड्यापेक्षा नाल महाग, तशातला प्रकार!

म्हणून मी त्याला उलट विचारले, "अरे, तू फोटो काढणार कुठल्या पाण्यात?"

या प्रश्नाशिवाय पुढची सारी चर्चा फुकट. दुकानात भिंतीवर लावलेली छायाचित्रे असतात लाल समुद्रातली किंवा मालदीवची. तीस-तीस मीटरवरचे स्वच्छ दिसणारे निळे पाणी. आपल्या वसईच्या खाडीत हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत. मालवण-तारकर्लीचे पाणी त्या मानाने पुष्कळ चांगले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तारकर्लीला आहे ती काही उगाच नव्हे. पण तेथेही नजर पोचते ती बहुतेक दिवशी मोजक्याच मीटरपर्यंत, आणि पाण्याचा रंग निळ्यापेक्षा हिरव्याकडे झुकलेला असतो. अशा पाण्यात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा सगळा खडक एका चित्रात पकडू म्हटले, तर हाती येते ती हिरवट ताकाची वाटी.

आता पाण्याचा स्वभाव थोडा सांगतो, कारण खरेदीचे उत्तर त्यातच आहे. पाणी उजेड खाते, आणि खाताना निवडून खाते. पहिला घास तांबड्या रंगाचा. पाचएक मीटर खाली गेलात की तांबडे जवळजवळ नाहीसे. मग नारिंगी, मग पिवळा. बोट कापले तर रक्त हिरवट-काळे दिसते. शिवाय हे अंतर फक्त वरून खाली मोजायचे नसते. सूर्याचा किरण पाच मीटर उतरला आणि माशावरून परत फिरून तीन मीटर चालत तुमच्या लेन्सपर्यंत आला, तर त्याने आठ मीटर पाणी ओलांडले. म्हणून जाणते पाणबुडे नवशिक्याला पहिला मंत्र देतात तो असा : जवळ जा, आणि जवळ गेलास असे वाटले की आणखी जवळ जा. हातभर अंतरावरून काढलेले चित्र नेहमी दहा फुटांवरच्या चित्राला हरवते, मग कॅमेरा कितीही भारी असो.

यात डोळाही फसवतो. पाण्यात वस्तू प्रत्यक्षापेक्षा सुमारे पाव अंतराने जवळ आणि तृतीयांशाने मोठी दिसते. नवशिक्याला वाटते मासा नाकाशी आहे; चित्रात तो टाचणीच्या डोक्याएवढा येतो.

तेव्हा उजेड बरोबर न्यायचा. ही अडचण या विद्येइतकीच जुनी आहे. लुई बूताँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1893 मध्ये बान्यूल येथे पाण्याखाली छायाचित्रे घेतली. पाण्याखालचे पहिले रंगीत छायाचित्र फ्लॉरिडाच्या समुद्रात 1926 मध्ये विल्यम लाँगली आणि चार्ल्स मार्टिन यांनी घेतले, तेव्हा वर तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून त्यांनी समुद्रात उजेड पाडला. ते चित्र जानेवारी 1927 च्या 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये छापून आले. एका माशाच्या रंगासाठी स्फोट करावा लागला! आज ते काम मुठीएवढा दिवा करतो, आणि तरी नवशिका सगळे पैसे कॅमेऱ्यात घालून दिव्याला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणतो.

कॅमेऱ्यालाच फ्लॅश असतो की, असे आमचा तरुण म्हणाला. असतो, पण तो लेन्सला खेटून. पावसाळ्यात रात्री अहमदाबाद महामार्गावर गाडीचे मोठे दिवे लावून पाहा : रस्ता दिसायचा राहतो आणि समोर पावसाचे पांढरे थेंबच चमकतात. कोकणच्या पाण्यात गाळाचे कण अगदी तेच करतात. मासा कुठे तो हिमवर्षावात! दिवा लेन्सपासून दूर, एका हातावर, बाजूने तिरका पडेल असा धरला की ते कण उजळत नाहीत. म्हणजे दिवा आणि तो धरणारा आडवा पट्टा व हात ही चैन नव्हे, ती निम्मी सामग्री आहे.

दिव्यातही दोन जाती. क्षणभर कडाडून उजळणारा स्ट्रोब, आणि सतत जळणारा व्हिडिओ दिवा. स्ट्रोब ताकदीचा, चपळ माशालाही चित्रात थोपवणारा. पण त्याचे गणित शिकायला वेळ लागतो. सतत जळणारा दिवा दुबळा खरा, तरी चित्र कसे येणार ते टिपण्याआधीच दिसते. हातभर अंतरावरच्या लहान जिवांसाठी नवशिक्याला तो पुरतो. मात्र झोत रुंद हवा. बॅटरीसारखा अरुंद झोत मधोमध पांढरा डाग पाडतो. लाल काच लावून रंग परत आणण्याची युक्ती निळ्या, उन्हाच्या पाण्यातली. आपल्या हिरव्या पाण्यात ती असलेला उजेडही कमी करते.

आता कॅमेरा. माझे मत स्पष्ट आहे : लहान, जवळून टिपणारा, आणि स्वतःच्या पेटीसकट मिळणारा. उदाहरणादाखल 2019 चा ऑलिम्पसचा टीजी-6 आणि 2023 चा टीजी-7. लेन्सपासून एका सेंटीमीटरवरची वस्तू हे टिपतात, कच्ची म्हणजे रॉ फाइल देतात, आणि दोन्ही एकाच पेटीत बसतात; त्यामुळे जुना टीजी-6 चांगल्या स्थितीत मिळाला तरी नुकसान नाही. मालवणच्या खडकातली नखाएवढी बिनशिंपल्याची गोगलगाय, बिळातून डोकावणारा खेकडा, हे त्याचे खरे गिऱ्हाईक. गोप्रोसारखा छोटा कॅमेरा सोबत्यांच्या चलच्चित्राला उत्तम, पण तो सारे जग एकदम पाहतो. खेकड्याचा डोळा त्याला दिसत नाही. मोठा कॅमेरा आणि घुमटाची काच अंदमान-लक्षद्वीपच्या वाऱ्या सुरू झाल्यावर पाहावी.

पेटी मात्र हवीच. पाण्यात दर 10 मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पहिल्या प्रमाणपत्रावर 18 मीटरपर्यंत जाता येते, तिथे तो पृष्ठभागाच्या जवळजवळ तिप्पट होतो. टीजीचे अंग पेटीशिवाय 15 मीटरपर्यंतचेच, गोप्रोचे 10 मीटरचे. टीजीची पेटी 45 मीटरपर्यंत चालते. मोबाइलवर पाण्याची जी हमी असते ती गोड्या, स्थिर पाण्यातल्या ठरावीक मिनिटांची; तिच्यावर समुद्रात विसंबू नये.

पेटीचा सारा जीव एका रबरी कड्यात, ओ-रिंगमध्ये. इथे आमच्या लेथवाल्याने मलाच धडा दिला. "काका, खोलात दाब वाढला की रिंग उलट घट्ट बसते. गळती होणार ती वरच, केस नाहीतर वाळूचा कण अडकला तर." अगदी खरे! ग्रीसही थापायचे नाही; निर्मात्याने दिलेलेच, रिंगला चमक येईल इतकेच. पहिल्या बुडीला कॅमेरा न ठेवता पेटी रिकामीच न्यावी. आत कागदी रुमालाची घडी ठेवली की थेंबही लपत नाही.

एवढे झाल्यावर मी त्याला एक अट घातली. पैसे आज बाजूला काढ, खरेदी आणखी दहा-बारा बुड्यांनंतर. तो हिरमुसला. पण पडद्यावर डोळे लावलेला माणूस हवेचा काटा पाहायचे विसरतो, सोबत्यापासून लांब जातो, आणि नकळत वर किंवा खाली सरकतो. हात-पाय न हलवता पाण्यात एका जागी स्थिर राहता येत नसेल, तर चित्र हलतेच, शिवाय पायांतली वल्ही प्रवाळावर आदळतात. मालवणच्या समुद्राचा काही भाग 1987 पासून अभयारण्य आहे, आणि प्रवाळाला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. वर्षानुवर्षे वाढलेली फांदी एका लाथेने मोडते. त्याने कुरकुरत मान्य केले. वसई रोडहून कुडाळची गाडी आहे, सुट्ट्या शिल्लक आहेत. हिवाळाभर दहा बुड्या काही अवघड नाहीत.

पैशांचे वाटे आम्ही कागदावर मांडले : निम्मे कॅमेरा व पेटीला, उरलेल्यातले बरेचसे दिवा आणि हाताला, बाकी जादा बॅटरी, दोन जादा रिंगा, मनगटाची दोरी आणि दमट हवेने काच धुकटू नये म्हणून पेटीत ठेवायच्या सिलिका जेलच्या पुड्या यांना. यादीत शेवटी त्याने स्वतःच एक प्लॅस्टिकची बादली लिहिली. होडीवरून उतरताच पेटी न उघडता गोड्या पाण्यात तासभर बुडवून ठेवायची, आणि बटणे एकेक करून दाबत राहायची, म्हणजे फटींतले मीठ वाळण्याआधी निघून जाते.