चालान न भरणं म्हणजे बंड नव्हे!

"भरत बसू नको बे, काई होत नाई. लोकअदालतीत अर्धं माफ होते." परतवाड्याच्या चहाटपरीपासून चिखलदऱ्याच्या जीप स्टँडपर्यंत हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्याला उत्तर देणं भाग आहे. त्यातही आपली काही पोरं मागच्या नंबर प्लेटवर निळ्या अक्षरात 'जय भीम' लिहून, मोबाईलवर साचलेली चालानं अभिमानानं दाखवतात. व्यवस्थेला झुकवलं म्हणे!

व्यवस्थेचं काय वाकडं झालं? पावसाळ्यात शनिवार-रविवारी घाटात नागपूर-अकोल्याच्या मोठ्या गाड्यांची रांग लागते. त्यांचा दंड मालक फोनवरूनच भरून टाकतो. अडकतो तो सेकंडहँड दुचाकीवर मजुरीला जाणारा. विनालायसन गाडी चालवली तर ५,००० रुपये. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये, म्हणजे सोळा दिवसांचं काम गेलं. दंड सगळ्यांना सारखा, पण त्याचा भार सारखा नाही. हा अन्याय आहे, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण चालान दडवून ठेवणं म्हणजे त्यावर बोलणं नव्हे.

आमच्या ओळखीच्या एका पोराचं उदाहरण घ्या. आईच्या ऑपरेशनसाठी त्यानं गाडी विकायला काढली. गिऱ्हाईक ठरलं, इसारही मिळाला. नाव बदलायच्या वेळी जुनी चालानं निघाली आणि सौदा मोडला. त्यातली निम्मी चालानं तर त्याची नव्हतीच, त्याच्याआधी गाडी वापरणाऱ्याची होती. कारण गाडी घेताना 'कागद नंतर करू' म्हणून ती तशीच राहिली होती. आपल्या वस्त्यांत एमएच २७ च्या अशा किती गाड्या दुसऱ्याच्याच नावावर फिरतात, मोजून पाहा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्यानं हस्तांतरण १४ दिवसांत कळवायचं असतं. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याची, असं सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पाच हजारांचं चालान परवडलं, पण दुसऱ्यानं केलेल्या अपघाताची भरपाई कोण देणार?

दंड थकला की प्रकरण कोर्टात जाऊ शकतं. समन्स येतं. ते चुलीत घातलं की वॉरंट. आणि पोलीस दारात आल्यावर वस्ती काय बोलते, हे आम्ही वेगळं सांगायला नको. आपल्या पोराबद्दल तर लोक आधीच तयार बसलेले असतात.

चालान चुकीचं असेल तर भरू नका, लढा. कॅमेऱ्यानं टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायची, असं केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७-अ सांगतो. फोटो मागा, नंबर तपासा, तारीख पाहा. महाट्रॅफिक ॲपवर तक्रार करता येते. वकिलाला पैसे नाहीत? विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२: अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न पाहता मोफत वकील. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातीतून आलेले बौद्धही त्यात आहेत. मेळघाटातल्या कोरकू भावालाही हा हक्क आहे, पण त्याला तो सांगितला कोणी? आपण कार्यकर्ते जयंतीच्या डीजेची वर्गणी घरोघर मागतो, हे सांगायला मात्र कुणाच्या घरी जात नाही.

लोकअदालतीचंही समजून घ्या. तिथं तडजोड होते, पण एकदा निवाडा झाला की त्यावर अपील नाही. चूक आपली असेल तर तिथं मिटवा. नसेल तर तिथं सही करू नका.

महाडच्या तळ्याचं पाणी बाबासाहेब १९२७ मध्ये प्याले. त्या पाण्याचा खटला मुंबई हायकोर्टात १९३७ ला जिंकेपर्यंत दहा वर्षं चालला. दहा वर्षं तारखा, कागद, वकील. त्यांनी एकही समन्स चुलीत घातलं नाही.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात बसू. गाडीचं आरसी बुक, लायसन आणि मोबाईल घेऊन या. ज्यांच्याकडे लायसन नाही त्यांनी आधी या. हो, आणि हेल्मेट घालूनच या.

जय भीम!